रामबागेवरून, एकदा

आईने आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं,
गच्चीवर काय वाळत घालू म्हणजे तुला दिसेल?
मी म्हटलं, पिवळी चादर.
ती म्हणाली, ती विरलीय गं, लोक काय म्हणतील.
लोक म्हणजे वरून बघणारे.
म्हणजे मीच.

रेशिमवाले सरांना यातलं काही बोलले नाही.
सर नकाशावर शहराभोवती पेन्सिल फिरवतात
आणि टोक तिथेच दाबून धरतात:
दाट वस्ती. सहाशे मीटरच्या घेऱ्यात
सगळ्यात उंच जे काही असेल,
कळस, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, कुणाचा नवा सातवा मजला,
त्याच्या माथ्यावर आणखी हजार फूट.
"आणि शहर वाढून राहिलंय, मॅडम.
मागच्या वर्षीचे हजार आज हजार नाहीत."

काटा समुद्रापासून मोजतो.
समुद्र आम्ही एकदाच पाहिला, दमणला, शाळेच्या सहलीत,
तरी विमानात बसलं की हिशेब त्याच्याच वहीत.
इंदूर मुळातच अठराशे फूट वर.
म्हणजे आई भांडी विसळते ती अठराशे फुटांवर,
बाबा सायकलमध्ये हवा भरतात ती अठराशे फुटांवर.
कुणी कधी सांगितलंच नाही त्यांना.

हजारच का?
विचारलं होतं मी, पहिल्या आठवड्यात.
सरांनी उत्तर दिलं नाही, हातोदच्या शेतांवर
थ्रॉटल मागे ओढला.
समोरचा पंखा फिरत राहिला, पण नुसताच,
लग्नघरात काम न सांगितलेल्या पाहुण्यासारखा.
"मोज," म्हणाले.
मी लसणाचे वाफे मोजले, एक विहीर, एक ट्रॅक्टर,
ट्रॅक्टरवाल्याने मान वर केली तेवढ्यात
त्याच्या शर्टाचा रंग दिसायला लागला.
"हजार फुटांना पावणेतीन किलोमीटर मिळतात.
वारा समोरून असला तर तेवढेही नाहीत.
त्यात तुला एक मोकळी जागा शोधायचीय
जिथे कुणी क्रिकेट खेळत नाहीये."
मग थ्रॉटल पुढे. त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत.

क्लबात सांगतात, सत्त्याऐंशी साली सरांचा एक मित्र होता,
कुणाच्या तरी गच्चीवरून खालून गेला, फक्त
हात दाखवायला, आणि.
इथे वाक्य पुरं करत नाहीत.
चहा मागवतात.

रविवारी टॉवरने शहरावरून जायची परवानगी दिली.
काट्यावर तीन हजार दोनशे.
बिजासनची टेकडी मागे पडली,
राजवाड्याचे सात मजले एका नखाखाली,
कान्ह नदी, कुणीतरी सांडून पुसायची विसरलेली.
मग रामबाग.
आणि रविवार असल्यामुळे
अख्ख्या शहराने धुणं काढलं होतं.
पिवळ्या चादरी, पिवळ्या साड्या, पिवळी ताडपत्री,
एका शाळेची संपूर्ण पिवळी भिंत.

"काय शोधून राहिलीस?"
इंजिन गेलं तर उतरायला जागा, सर.
"सापडली?"
नाही. सगळीकडे चादरी आहेत.
ते बराच वेळ काचेतून खाली बघत होते.
"मग उंची धर," म्हणाले,
आणि मी, नियमात नसलेले,
आणखी दोनशे फूट चढले.

साडेदहाला आम्ही उतरलो.

आईने मला पाहिलं ते अकरा दहाला.
अगदी डोक्यावरून गेलीस की गं! केवढं मोठं ते विमान!
मी हात केला, तू पंख हलवलास,
शेजारच्या किबेवहिनींनी पण पाहिलं.
अकरा दहाला पुण्याचं विमान उतरतं.
त्यात एकशे ऐंशी माणसं असतात.
मी म्हटलं, हो, दिसलीस.

बाबांनी हळूच विचारलं, खालून नाही ना आलीस?
नाही म्हटलं.
लॉगबुक उघडून वेळ लिहिली, उंची लिहिली.
आई समोर बसून चादरीची घडी घालत होती,
कोपऱ्याला कोपरा, नीट.
हिरवी होती.