निंदण

घाटंजीच्या बसस्टँडसमोर, पंक्चरवाल्याच्या बाजूला
टेकामभाऊंचं रेडियमचं दुकान. दहा बाय आठ.
एक कटिंगची मशीन, एक पंखा,
आणि मी.

दिवसभर नंबरप्लेटी. आईचा आशीर्वाद, बापाचा आशीर्वाद,
एका ट्रॅक्टरवर दोघांचा मिळून, मोराच्या पिसासकट.
मशीन फक्त कडा कापते.
अक्षराच्या पोटातलं सुईनं उचलून फेकावं लागतं,
‘व’मधलं, ‘ठ’मधलं,
‘ळ’मध्ये तर दोन जागी.
आम्ही त्याला निंदण म्हणतो.
माझी माय तीनशे रुपये रोजानं निंदण करते.
मी पण.
माझ्या वावरात ऊन नाही, आणि माझं तण चमकतं.

पट्ट्या उरतात. बोटभर रुंद, हातभर लांब,
पिवळ्या, राणी, पोपटी,
कोणत्याच आशीर्वादाला न पुरणाऱ्या.
एकदा लाइट जायच्या आत घाईघाईनं टाइप केलं
काहून?
मशीननं काही विचारलं नाही. कापलं.

आमच्या गावच्या टाकीवर सहा वर्षं झाली लिहिलं आहे
‘काम प्रगतीपथावर’.
त्याच्या खाली लावलं.
सकाळी पाणी नव्हतंच,
पण हापशीवरच्या बाया वर पाहून हसत होत्या.
एक वाचून दाखवत होती,
दुसरी म्हणत होती, अजून एकडाव वाच.

मग हात थांबेना.
बंद एटीएमवर येजो.
दवाखान्याच्या वजनकाट्यावर उलसक.
वळणावरच्या खांबावर हळू ना बापा
(इतकं लांब नको होतं, पण पट्टीच लांब निघाली).
शाळेच्या घंटेसाठी बाईंनी स्वतः मागितला शब्द,
आणि पोट्ट्यांना म्हणाल्या, तुम्ही ठरवा.
दोन दिवस भांडून त्यांनी ठरवलं: भैताड.
आता रोज साडेदहाला ती बिचारी टोले खाते.

वहीच्या कागदात पुड्या बांधून वाटू लागले.
दुधाच्या गाडीवाल्याला, कुसरामबाई कंडक्टरला.
बकऱ्यांचा व्यापारी जब्बारभाई म्हणाला,
शब्द नको, मले फक्त ‘बें’ दे.
टेम्पोच्या फाळक्यावर लावून तो यवतमाळपर्यंत जाऊन आला,
म्हणे पोलिसानं अडवलं, आणि हसून सोडलं.

वणीच्या गाडीत मागच्या सीटवर लावलं होतं हाव.
अकरा दिवसांनी तीच गाडी लागली.
(तीच. खिडकीचा गज तसाच वाकलेला.)
हावच्या बाजूला कोणीतरी बॉलपेननं,
दोनदा गिरवून:
ना.
मी माझा स्टॉप चुकले.

उन्हाळ्यानंतर ग्रामसभेत विषय निघाला.
सरकारी मालमत्ता, विद्रूपीकरण, वगैरे.
शिपाई डोमाजी पत्र्याचा तुकडा अन् रॉकेल घेऊन शिडीवर चढला,
तासभर खरवडलं.
स्टिकर निघाला. पण भोवतालचा रंग उन्हानं उडालेला,
आणि झाकलेला तेवढा जसाच्या तसा.
आता टाकीवर निळंशार काहून?
चिकटवलेलं नाही. खरवडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डोमाजी दुकानात. बसला नाही.
मला वाटलं, नाव विचारायला आला.
म्हणाला, एक माह्यासाठी काप. लहानसं.
काय कापू?
त्यानं पंख्याकडे पाहिलं.
“अजी.”
एवढंच?
“हाव. चुलीच्या आंगानं लावाचं हाये.
आवाज तिकूनच ये.”

रंग विचारायला नको होता, विचारला.
तो म्हणाला, तुह्या मनानं.
टेकामभाऊंनी नव्या रोलकडे बोट दाखवलं,
ज्याला ते मला हात लावू देत नाहीत.
‘जी’च्या वेलांटीतलं निंदताना सुई दोनदा घसरली.

पैसे घेतले नाहीत म्हणून तो जाईना.
शेवटी पाच रुपये घेतले,
आणि त्याच्या हातात उरलेली चौकटही दिली,
अजी निघून गेल्यावर तेवढी भोकं राहिलेली.
“हे कायले?”
मलाही माहीत नव्हतं.
त्यानं ती डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून,
आणि बराच वेळ तिच्यातून
बसस्टँड पाहत राहिला.