नऊ हजारांवरची टेकडी

हीउमा बेटावर एंडेलच्या शेडमध्ये
हेरिंगची जुनी जाळी अजून टांगलेली आहेत.
मासे धरणं त्यांनी केव्हाच सोडलं,
आता ती भिंतीवरून परतणारा आवाज धरतात.
"अशी खोली तालिनच्या विद्यापीठातही नसेल,"
एंडेल म्हणतो. असेलही.
मी फक्त वायर धरायला येतो.

चार स्पीकर, फुल-रेंज.
म्हणजे खर्जापासून किणकिणाटापर्यंत
सगळं एकाच पडद्याने बोलायचं,
मदतीला धाकटा भाऊ नाही.
एक जपानी, केळीच्या धाग्यांचा.
एक अ‍ॅल्युमिनियमचा, मुठीएवढा, तोऱ्यात.
एक हॉलंडहून टपालाने आला, काठाला चुणी घेऊन.
चौथा गावच्या क्लबातल्या सिनेमाच्या पडद्यामागून उतरवलेला,
तीस वर्षं लोकांच्या सिगारेटी प्यायलेला, तपकिरी,
मधोमध आणखी एक छोटा शंकू,
फुलात फूल असावं तसा.

सगळ्यांना तीच फळी, तेच भोक,
माइक मीटरभर लांब, दोऱ्याने मोजून
(दोऱ्याला गाठ, गाठीला लाल सुतळी),
आणि व्होल्ट तेवढेच, रतीभरही जास्त नाही.
आवडत्याच्या पानात जास्त तूप,
असला पंक्तिप्रपंच इथे चालत नाही.

मग शीळ.
जमिनीतून घुमत निघते, बारीक होत होत
शेवटी सुई होऊन छपरातून जाते.
आम्ही श्वास धरून उभे.
बाहेर समुद्रपक्षी ओरडला की पुन्हा पहिल्यापासून.
लॅपटॉपवर रेघ उगवते,
तिच्या डाव्या टोकाला एक फुगवटा.
"हा स्पीकरचा नाही," एंडेल घड्याळ पाहतो,
"चारची फेरीबोट आली."

जपान्याची रेघ बरी, जरा खडबडीत.
अ‍ॅल्युमिनियमची इतकी सरळ
की एंडेलने पुन्हा एकदा सगळ्या पिना तपासल्या.
हॉलंडच्याला दोन हजारांवर खड्डा.
आणि सिनेमावाल्याला
नऊ हजारांवर टेकडी, बारा डेसिबल उंच.

त्यालाच. हिवाळाभर रात्री जागून
ज्याला त्याने मनाशी पक्कं केलं होतं,
ज्याच्याबद्दल तो मला फोनवर म्हणाला होता,
"याच्यात बायका खऱ्या गातात."
माइक बदलला. फळी फिरवली.
टेकडी जागची हलली नाही.

शनिवारी नात आली, केर्तू, नऊ वर्षांची.
तोच लावला.
तिने कानांवर हात ठेवले.
"आजोबा, याच्यात टाचण्या आहेत."
"कुठे?"

त्याने शीळ अगदी हळू केली,
दोघांनी हात वर केले,
ऐकू येईतो खाली आणायचा नाही.
सहा हजार. सात.
साडेसातला त्याचा हात डळमळला,
आठला मांडीवर येऊन बसला.
केर्तूचा वरच,
पंधरा, सोळा,
ती कंटाळली म्हणून खाली आला.

रेडिओच्या कारखान्यात बावीस वर्षं,
पत्रा कापणाऱ्या यंत्राशेजारी.
हे त्याने सांगितलं नाही. मला माहीत आहे.

त्याने कागद मागितला,
स्वतःच्या कानाची रेघ काढली,
स्पीकरच्या रेघेवर ठेवून
दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले.
बाहेर बर्फाचा उजेड होता.
एकीकडे टेकडी, तिथेच दुसरीकडे दरी,
माप जवळपास तेच.
"म्हणजे हा बरोबर नव्हता," तो म्हणाला,
"मला बरोबर होता."

वाटलं, आता अडगळीत टाकेल.
त्याने बर्चच्या फळ्या कापायला घेतल्या.
खोका बेचाळीस लिटरचा,
मागे एक कॉइल, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर,
टेकडी सपाट करणारे तीन मजूर,
आणि त्यांना कामावर लावायला, घरी पाठवायला
एक पितळी खटका.
खटक्याच्या वर पेन्सिलीने: केर्तू.
खाली काही लिहिलं नाही.

मी वायर गुंडाळत होतो.
"बस इथे," तो म्हणाला, "हात वर कर.
तुझीही रेघ काढू."
मी म्हटलं, फेरी चुकेल,
पुढच्या शनिवारी बघू.