चौदा किलो, दोनशे ग्रॅम

आधी काढायचं असतं.
सगळे विचारतात, काय काय लावलंस?

आरसे दोन. हॉर्न. नंबरप्लेट.
साइड स्टँड, म्हणजे आता ती कुणाच्या तरी हातात
नाहीतर भिंतीला टेकून उभी राहणार.
मागची सीट, तिचे फूटरेस्ट
आणि साडी गार्ड.
त्याचा खालचा बोल्ट गंजून इतका बसला होता
की इम्तियाजनं रात्रभर त्याला डिझेल पाजलं.

आईनं सगळं शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं.
चौदा किलो, दोनशे ग्रॅम.
"यात माझे किती?" म्हणाली,
सीटवर हात ठेवून.
मी दहाचा पाना शोधत राहिले.

कुपवाडच्या एमआयडीसीत मी तपासणीला आहे.
हातात मायक्रोमीटर.
केसाच्या दहाव्या भागावरून
लोकांचा ओव्हरटाइम ठरतो, म्हणून
फारसं कुणी माझ्याशी डबा खात नाही.
रिजेक्टच्या ढिगातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी मागितली;
साहेबांनी भंगाराचा भाव लावला, पावतीही दिली.
तिसऱ्या पाळीच्या भरमू कोळ्यानं
चहाच्या सुट्टीत, तीन रात्रींत
नवे फूटपेग कापून दिले.
चाळीस मिलिमीटर वर, पंचवीस मागे.
बसलं की गुडघे बरगड्यांना लागतात.
"मगदूमताई, हे बसणं आहे का लपणं?"

मग बोल्ट.
प्रत्येकाच्या डोक्यातून दीड मिलिमीटरचं भोक,
भोकातून तार, तारेला पीळ,
म्हणजे सुटावंसं वाटलं तरी सुटता येत नाही.
सतरा बोल्ट. अकरा ड्रिल मोडले.
बाराव्याला तेल जास्त घातलं, घाई कमी केली.
दोन महिन्यांची कमाई म्हणाल तर एवढीच.

सायलेन्सर पुण्याहून आला, वापरलेला,
एका बाजूनं खरवडलेला.
कोण पडलं होतं, ते विकणाऱ्यानं सांगितलं नाही.
मिरजेच्या त्या गल्लीत चालू केला तर
तंबोऱ्याच्या दुकानांतून माणसं बाहेर आली.
इम्तियाजचे मामू, हातात अर्धी घासलेली घोडी,
मान तिरकी करून ऐकत राहिले.
"चढताना मध्ये एका जागी पोकळ आहे.
तिथं काहीतरी खातंय हे."
इम्तियाजनं लॅपटॉप लावला.
पाच हजार आठशेला पेट्रोल कमी पडत होतं.
सांगायला वळला, तोवर मामू आत,
कानसेचा आवाज चालू.

साडेपाचला आईचा फोन. रोज.
दिवस मावळायच्या आत जेवून घे.
आमच्यात रात्री चूल पेटत नाही.
शेंगदाण्याच्या चटणीला ग्रीसचा वास यायचा,
तोंडात घास असताना मी
ब्रेक पॅडची जाडी मोजायची.

कोइमतूरला न्यायला वेगळी गाडी परवडेना.
मार्केट यार्डातून हळदीचा ट्रक निघणार होता.
पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये
दोरानं आवळून बांधली तिला.
दोन रात्रींनी उतरवली तर
टाकीपासून चेनपर्यंत पिवळी.
हमाल हसला, काहीतरी म्हणाला.
मला तमिळ येत नाही, तरी कळलं.
आईला फोटो पाठवला.
आमच्या घरात गेली चार वर्षं हळद हा शब्द
स्वयंपाकापुरता बोलला जातो.
तिनं बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग : टायर तेवढे नीट पूस. घसरशील.

पहिल्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, तीनदा
आरसा नाही तिथं पाहिलं.
सातव्या वळणावर गुडघा जमिनीच्या इतका जवळ
की उन्हात तापलेल्या डांबराचा
श्वास लागला.
टेकला नाही.

दुपारी वहीत लिहिलं, कंपनीच्या सवयीनं :
वेळ, एक मिनिट सत्तावीस.
अपेक्षित, एक वीस.
दोष, वळणाआधी ब्रेक लवकर.
कारण, मशीन नव्हे.
शेरा, रिवर्क.