तीन फ्रेम

कोकुराच्या बाजारबोळात, मासळीच्या दुकानावर
मावशीचं गेम सेंटर.
मार्चमध्ये तीन नंबरच्या मशीनची पिक्चर ट्यूब गेली.
ते जड, धुळकट धूड
आम्ही दोघांनी जिन्यावरून उतरवलं
आणि मी तिथे चपटा पडदा बसवला.
रंग बघ किती सुरेख, मावशी म्हणाली.

तेरादासान संध्याकाळी आले.
दिवसभर लोकांचे गॅसमीटर वाचणारा माणूस.
टोपी काढली, नाणं टाकलं,
ठोसा अडवायला गेले आणि खाल्ला.
पुन्हा गेले, पुन्हा खाल्ला.
मग दांडा सोडून म्हणाले,
"आत कुणीतरी बसलंय.
मी सांगतो, तो ऐकतो,
हो म्हणतो,
आणि मग उठतो."

मला तर काहीच दिसेना.
बटण दाबलं की गडी उडी मारत होता,
लगेच.
या 'लगेच'च्या पोटात किती जागा असते
मी कधी बघितलं नव्हतं.

शटर ओढल्यावर फोनच्या कॅमेऱ्यात
माझा अंगठा आणि पडदा एकत्र धरले.
सेकंदाचे दोनशे चाळीस तुकडे
एकेक सरकवत मोजले,
मग शेजारी चार नंबरवर, जुन्या ट्यूबसमोर, तेच.
बारा तुकड्यांचा फरक.
खेळाच्या हिशेबात तीन फ्रेम,
सेकंदाचा विसावा हिस्सा.
पापणी लवायलाही याच्या तिप्पट लागतो.

आकडा ऐकून तेरादासान कितीतरी वेळ वाकून उभे,
जसं डॉक्टरने सांगावं
की दुखतंय ते खरंच दुखतंय.

तरी येत राहिले. त्यांचा खेळ तीनवरच होता.
जूनपर्यंत ठोसे अडू लागले.
"आतला सुधारला?" मी विचारलं.
"छे. मीच त्याच्या आधी उठतो आता."

ऑगस्टमध्ये बेप्पूच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून
ट्यूब मिळाली, पिवळट, एका कोपऱ्यात जांभळा डाग.
बसवली. त्यांना कळवलं.
ते इस्त्रीचा शर्ट घालून आले.

पहिलंच बटण,
आणि चटका बसावा तसा हात मागे.
"मी दाबलं नव्हतं," ते म्हणाले.
"तो आधीच हलला."

दाबलं होतं. मी शेजारीच होतो.
फोन खिशात होता, तो तिथेच राहू दिला.
ते आपला अंगठा उलटसुलट करून बघत होते,
समोर काचेवर, जांभळ्या डागाखाली,
दुसरं नाणं टाकायची मुदत
नऊ, आठ, सात.