सातवी वाटी

गहू भिजत घातले तेव्हा बाहेर उणे एकोणीस.
ताटलीवर ओलं फडकं, ताटली हीटरशेजारी,
आणि तराने दर तासाला फडक्याचं टोक उचलून
चोरासारखी आत डोकावते.
"झोपलेत अजून," आल्यागेल्याला सांगते.
आलागेला म्हणजे मी,
आणि बर्दिया, जो दीड वर्षाचा आहे
आणि गहू खातो.

कबूल करतो, मला यातलं काही येत नाही.
कर्मानला आमच्या घरी मी नुसता जेवणारा.
समनूच्या पातेल्याभोवती रात्रभर बायका,
पुरुषाची सावली पडली तर म्हणे ते नासतं.
मी दाराबाहेर झोपायचो, हसण्याचे आवाज ऐकत.
त्यामुळे चव जिभेला पाठ,
हाताला तिची ओळखच नाही.

शहीनला फोन केला. किती वेळ ढवळायचं?
"सकाळ होईपर्यंत."
म्हटलं, बरं झालं मार्च आहे.
डिसेंबरात इथे दीड महिना सकाळ होत नाही.
ती इतकी हसली की खालून करपलं.
झालं ते भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं.
बर्दियाने तेही खाल्लं.

मंगळवारी संध्याकाळी अंगणात आग.
बर्फावर पेटवलेली आग खाली जाते,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
आपल्यापुरता खड्डा वितळवत
ती उतरत गेली, गुडघ्याएवढी, कमरेएवढी,
आणि आम्ही ज्वाळांवरून नाही,
एका लालसर विहिरीवरून उड्या मारल्या.

सफरचंद, सिरका, लसूण, सुमाक,
खळ, म्हणजे समनू,
आणि गव्हाचं हिरवं बोटभर रान.
सहा झाले. संजद मिळालं नाही.
पार्सल ऑस्लोला कुठल्याशा कपाटात
कुणाच्या तरी सहीची वाट बघत होतं.
"सगळी नावं स-नेच सुरू होतात ना?" तरानेने विचारलं
आणि मोज्यांवरच बाहेर पळाली.
वाटीभर बर्फ आणून टेबलावर ठेवला.
"स्न्यो," ती म्हणाली, तिच्या बालवाडीच्या भाषेत.

असं नसतं गं, हे ओठावर आलं होतं.
तिचे मोजे ओले होते.
मी आधी मोजे बदलले.

संपाताचा क्षण यंदा पहाटेचा.
फरनाझ रात्रपाळीला, म्हणून ती फोनमध्ये,
फोन सिरक्याच्या बाटलीला टेकवलेला.
पोरांना अंथरुणातून उचलून आणलं,
एक खांद्यावर, एक पायांवर कशीबशी उभी.
सातव्या वाटीत तोवर पाणी झालं होतं.
त्यात पाइनची एक सुई
आणि तळाशी परवाच्या आगीची काजळी.
पलीकडे कुणाच्या तरी खोलीतली घंटा वाजली,
फरनाझ म्हणाली, "थांबा, एक मिनिट,"
आणि त्या एका मिनिटात वर्ष बदललं.

तेराव्या दिवशी हिरवळ वाहत्या पाण्यात सोडायची.
कारास्योकची नदी मे महिन्यापर्यंत वाहत नाही,
म्हणजे दिसत नाही.
तिच्यावरून स्कूटर जातात.
आम्ही तिघं ताटली घेऊन नदीच्या मधोमध उभे,
जसे चुकीच्या पत्त्यावर आलेले पाहुणे.

मारेत मासे धरायला आली होती.
तिने ताटलीकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं,
काही विचारलं नाही.
गिरमिट लावून बर्फात भोक पाडलं, मीटरभर खोल,
आणि खाली काळं पाणी,
चाललेलं.

तरानेने हातमोजे काढून पात्यांना गाठ मारली,
बोटं लाल, इच्छा गुप्त.
गहू सोडले. एकदा गोल फिरले, मग बर्फाखाली गेले.
बर्दिया हात हलवत राहिला.
मारेतने त्याच भोकात गळ टाकला.

रात्री कर्मानला फोन. तिकडे सगळे
दिवसभर बागेत जाऊन आलेले, उन्हाने रापलेले.
तराने शहीनच्या मुलाला विचारत होती,
अगदी काळजीने:
"पण मग तुमच्याकडे
नदीला भोक कोण पाडून देतं?"