सुटण्यासाठी

होडी पहाटे लागते तेव्हा कॉड अजून मऊ असतो,
ओल्या टॉवेलसारखा हातावरून दोन्हीकडे लोंबतो.
राग्नफ्रिड वहीत वेळ लिहिते.
लोफोतेनला फेब्रुवारीत उजाडायची घाई नसते;
नीट उजाडतं तोवर तोच मासा फळी झालेला.
शेपटीला धरून उचला, आडवाच राहतो.
व्हितेनिस, क्लायपेडाहून हंगामापुरता आलेला पोरगा,
दोन मासे एकमेकांवर आपटून बघतो: टक्, टक्.
“मेल्यावर एवढी ताकद येते कुठून?”

“येत नाही रे. संपते, म्हणून.”

हातमोजा काढून ती त्याची बाही चिमटीत धरते.
ही समज अ‍ॅक्टिनची दोरी,
आणि हे माझं मनगट म्हणजे मायोसिनचं डोकं.
मी धरलंय.
माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही,
त्यामुळे मला सोडता येत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो.
या मुठीचा हिशेब उलटा:
ती झाकलेली आहे
कारण आत छदामही नाही.

जिवंतपणी एटीपीचा एक कण यायचा,
तीन फॉस्फेटांचं शेपूट घेऊन खोबणीत शिरायचा,
खोबण त्याच्यावर मिटायची
आणि मिटता मिटता पलीकडची भेग उघडायची,
जिथे दोरी पकडलेली.
इकडे काही पदरात पडलं की तिकडचा हात सुटणार.
मग एक फॉस्फेट तुटायचा, पण जायचा नाही;
दारात चपला शोधत रेंगाळणारा पाहुणा.
तेवढ्यात मान मागे वळायची, वल्हं उचलल्यासारखी,
दोरीवर थोडं पुढे टेकायची,
पाहुणा निघायचा,
आणि त्याच्या निघण्यानेच ओढ बसायची:
केसाच्या जाडीचा दहा-हजारावा भाग.
तेवढ्यावर हा मासा
बॅरेंट्स समुद्रापासून इथवर पोहत आला.

तिच्या लहानपणी एका रात्री इंजिन बंद पडलं
आणि बापाने अकरा मैल वल्हवलं.
धक्क्याला लागला तेव्हा बोटं वल्ह्याभोवती मिटलेली.
आईने ती ओढली नाहीत.
कोमट पाणी आणलं, भरपूर साखरेची कॉफी,
ती त्याच्या ओठांना लावली,
आणि मग एकेक बोट, करंगळीपासून.
राग्नफ्रिडला ठाऊक आहे, ते हे नव्हतं.
जित्या माणसाचा साठा इतका आटत नाही;
ती थंडी होती, थकलेल्या नसा होत्या.
विद्यापीठात कुणी तिच्या वहीत हे उदाहरण बघितलं असतं
तर लाल रेघ मारली असती.
तिनेही मारली असती.

“मग हे कधी सुटणार?” व्हितेनिस माशांकडे बघतो.
“सुटत नाहीत. परवा मऊ होतील,
पण ते दोऱ्याच झिजून तुटल्यामुळे.
त्याला सुटणं म्हणू नये.”

पट्टा सुरू होतो. बर्फ खाली कोसळतो.
बाही अजून तिच्या चिमटीतच आहे,
तिच्या लक्षात नाही, किंवा असेलही.
तो एका हाताने खिसा चाचपतो,
कॅन्टीनमधून उचललेली साखरेची वडी काढतो,
कागद दातांनी फाडतो
आणि तिच्या उघड्या तळहातावर ठेवतो.