बत्तिसावं प्यादं

मुत्रहच्या बाजारात दुपारचं शटर अर्धं खाली.
मुर्तझा म्हणतो, "विलायती आहे. तू सुतार, तू सांग."

मी वजीर उलटा करतो,
हिरवी बनात नखानं सोलतो.
पोटात शिसं. लाकूड पिवळट, रंध्रं बारीक:
हळदू.
म्हणजे आपल्याकडचंच,
अमृतसरच्या बाजूला कातलेलं असावं.
काळे आबनूस नव्हेत,
ओल्या फडक्याला रंग लागतो.
घोडे मात्र चारही एकाच हातचे,
तेच दात, तोच राग.

मुर्तझा गप्प. किंमत निम्म्यावर येते.
चहा येतो तो आधी सांगितलेला.

मग एक प्यादं उचलतो
आणि हात उगाच वर जातो, इतकं हलकं.
पांगारा.
आमच्या सावंतवाडीत याची केळी करतात,
खेळण्यातली, खरी वाटणारी.
हे लेथवरचं नाही. चाकूनं उतरवलंय,
मान जरा कलती,
तळाला बनात नाही, लुंगीचा तुकडा.
कोण होता? खलाशी? की कँपातला कुणी,
शुक्रवार संपत नव्हता म्हणून?

"हे बदली आहे," मी सांगतो.
"काढून टाक. हळदूचं कातून देतो, अस्सल दिसेल."
"पैसे?"
"नकोत. हे दे."